कुंदाचं हिरवं बटण

आज सकाळी चहा टाकत होते तेवढ्यात दाराच्या फटीतून पत्रकं आत पडली. तीन पक्षांची तीन, रंग वेगळे, पण तिन्हींवरचा माणूस एकाच पद्धतीने उभा: रस्त्यातल्या खड्ड्याकडे बोट दाखवून, चेहरा गंभीर. आमच्या इंग्लंडातल्या मेडनहेडला खड्ड्याबरोबर फोटो काढल्याशिवाय कौन्सिलची, म्हणजे नगरपालिकेची, निवडणूक लढवता येत नसावी. मी पत्रकं उचलली, रिसायकलिंगच्या डब्यापर्यंत नेली आणि तिथेच वाचत उभी राहिले. चहा उतू गेला.

बाहेर मे लागलाय. चेस्टनटच्या झाडांवर पांढऱ्या फुलांचे तुरे उभे राहिलेत. शेजारच्या म्हाताऱ्याने गवत कापलंय, त्याचा ओला, हिरवा वास खिडकीतून येतोय आणि त्यामागोमाग माझ्या शिंका. संध्याकाळी नऊपर्यंत उजेड राहतो. शाळकरी मुलं असलेल्या घरांमध्ये या दिवसांत एक विचित्र शांतता असते. अभ्यासाची रंगीत कार्डं घेऊन पोरं पुटपुटत बसतात आणि आईबाप स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे वावरतात. परीक्षा आणि निवडणूक, दोन्ही या एकाच महिन्यात. पूर्वी मला हा महिना फार आवडायचा. आता तो आला की कुंदाच आठवते, कारण अशाच एका मेमध्ये ती माझ्या घरी राहून गेली.

कुंदा अमेरिकेतल्या एका राज्याच्या विधानसभेत आमदार होती. राज्याचं नाव सांगत नाही. मधल्या अमेरिकेतलं आहे, मका पिकतो, हिवाळ्यात बर्फ पडतो, एवढं पुरे. पण माझ्यासाठी ती आमदार नंतर. आधी ती अमरावतीच्या होस्टेलवरची माझी रूम पार्टनर. आम्ही दोघी फार्मसीला होतो. माझे वडील जिनिंग प्रेसमध्ये हमाल, तिचे वडील गावोगावच्या बाजारात बांगड्या विकायचे. आमच्या दोघींच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं आमच्याआधी कुणीच नव्हतं, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. ज्याला ऐकायचं नसेल त्याने ऐकू नये. पदवीचं नाव आमच्या आयांना उच्चारता येत नसे. माझी आई सांगायची, ‘पोरगी गोळ्यांचं शिकते.’ ते चुकीचंही नव्हतं.

तिथली परीक्षा उन्हाळ्यात असायची. एप्रिलचं विदर्भातलं ऊन म्हणजे काय, हे इथे वीस अंशांना ‘हीटवेव्ह’ म्हणणाऱ्यांना मी समजावून सांगायचं सोडून दिलंय. आम्ही खिडकीला ओली चादर बांधायचो, ती डोळ्यांदेखत वाळायची. फरशीवर पाणी मारून त्यावर पालथं पडून वाचायचं. वहीच्या पानाला हाताचा घाम लागायचा. अशाच एका परीक्षेच्या हंगामात मेसच्या वरणात नुसतं पाणी यायला लागलं. सगळ्या मुली खोल्यांमध्ये कुरकुरत बसल्या. कुंदा वाटी घेऊन वॉर्डनच्या जेवणाच्या टेबलाशी गेली, वाटी समोर ठेवली आणि म्हणाली, “मॅडम, हे तुम्ही खाऊन दाखवा, मग आम्ही खातो.” दुसऱ्या दिवसापासून वरण दाट झालं आणि कुंदा मेस सेक्रेटरी झाली. तिने त्यासाठी काही केलं नव्हतं. मुलींनीच परस्पर ठरवून टाकलं.

अमेरिकेतही असंच झालं असावं. नवऱ्याबरोबर गेली, परीक्षा देऊन लायसन मिळवलं, एका लहानशा गावात औषधाच्या दुकानात उभी राहिली. गावात दुसरी भारतीय बाई नाही. लोकांना तिचं नाव नीट घेता येईना, पण कुणाला कोणती गोळी सोसत नाही ते हिला तोंडपाठ. मग एका वर्षी शेताकडच्या वस्त्यांना जाणारी स्कूल बस बंद केली. पोरं थंडीत मैल मैल चालायला लागली. कुंदा शाळेच्या बोर्डाच्या मीटिंगला गेली आणि तीच वरणाची वाटी तिने तिथे ठेवली, वेगळ्या शब्दांत. पुढच्या निवडणुकीत ती बोर्डावर निवडून आली. तिथून काही वर्षांनी विधानसभेत. त्यांचं अधिवेशन जानेवारी ते मे. पगार इतका कमी की उरलेलं वर्ष ती परत दुकानात. दर दोन वर्षांनी निवडणूक. म्हणजे दर दोन वर्षांनी पुन्हा घरोघर, पुन्हा दारावरची कुत्री, पुन्हा “व्हेअर आर यू रिअली फ्रॉम?” ती सगळं हसत सांगायची. मी इकडे शेजारच्या स्लाव गावातल्या औषध कंपनीत क्वालिटी विभागात काम करत होते, घर, मुलगी, मॉर्टगेज, आणि मनात एक अभिमान बाळगून होते: आमच्यातली एक कायदे करते.

त्या मेमध्ये तिचा अचानक फोन आला. “अधिवेशन संपलं. आठवडाभर येऊ का तुझ्याकडे?”

“विचारते काय? ये.”

“कुणाला सांगू नको.”

हे शेवटचं मी नीट ऐकलं नाही. ऐकलं, पण ती लाजते आहे असं समजले. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर मी त्याच दुपारी टाकून मोकळी झाले: माझी मैत्रीण, अमेरिकेतली आमदार, येतेय.

हीथ्रोवर ती बाहेर आली तेव्हा मी आधी ओळखलंच नाही. वजन उतरलेलं, केस मागे घट्ट बांधलेले. गाडीत बसल्यावर श्रीकांत, माझा नवरा, पुणेरी अदबीने म्हणाला, “कुंदाताई, प्रवास कसा झाला तुमचा?” ती म्हणाली, “भाऊजी, प्रवास छान. पोचल्यावरचं बघू.” तो हसला. मीही हसले.

पहिले दोन दिवस तिने नुसती झोप काढली. ईराची, माझ्या मुलीची, तेव्हा जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, तोंडावर होती; ती किचन टेबलावर, कुंदा सोफ्यावर, आणि मधे मी चवड्यांवर चालणारी. तिसऱ्या दिवशी बेल वाजली. कौन्सिलचा एक उमेदवार, रेनकोटातला सौम्य माणूस, पत्रकं छातीशी धरून. मी ‘थँक यू’ म्हणून दार लावणार तेवढ्यात कुंदा मागून आली. “आत या ना. टी?” बिचारा आत आला. इथे उमेदवाराला कुणी आत बोलावत नाही, त्यालाही ते माहीत होतं, म्हणून तो खुर्चीच्या कडेवर बसला. कुंदाने त्याला चिवडा दिला आणि विचारलं, पत्रकावर छापलेलं तुम्ही करणार कसं? कौन्सिलात मतं कमी पडली तर कुणाशी बोलणार? तुमच्याच पक्षाने उलटं ठरवलं तर? तो आधी गडबडला, मग मोकळा झाला आणि म्हणाला, खरं सांगायचं तर त्या खड्ड्याशिवाय माझ्या हातात फारसं काही नाही.

“दॅट इज द फर्स्ट ऑनेस्ट थिंग आय हॅव हर्ड धिस मंथ,” कुंदा म्हणाली.

तो गेल्यावर ईरा कार्डांवरून मान वर करून म्हणाली, “मावशी, तू त्याला जॉब इंटरव्ह्यू घेतला!”

“त्याचा,” मी म्हटलं.

“व्हॉटेव्हर, आई. पुअर मॅन. त्याने सगळा चिवडा खाल्ला पण.”

आम्ही तिघी पोट धरून हसलो. त्या आठवड्यातलं हसू म्हणून मला तेवढंच आठवतं.

रविवारी मंडळाने सत्कार ठेवला. मला कुंदाची समजूत घालावी लागली. ती “नाही नं, प्लीज” म्हणत होती आणि मी “पुरे तुझा विनय” म्हणत तिला साडी नेसवत होते. सत्कार चर्चच्या हॉलमध्ये होता. हॉलला जमिनीच्या पॉलिशचा वास, मागे रचलेल्या खुर्च्या, भिंतीवर लहान मुलांनी रंगवलेली बायबलातली नोआची नौका. लंडनच्या वेम्बलीहून शाल आणि नारळ आणलेला. नारळ इथे शेंडीसकट मिळत नाही कधी कधी, तो मिळाला होता म्हणून मंडळाचे सेक्रेटरी खूश. समोर नागपूर-पुण्याहून नुकतीच व्हिसावर आलेली जोडपी, जुनी माणसं, बटाटेवड्याच्या ट्रेभोवती पोरं. अध्यक्षांनी भाषण केलं. ‘आपल्या मातीतली लेक सातासमुद्रापार कायदे करते.’ टाळ्या. शाल खांद्यावर पडली तेव्हा कुंदाने ती दोन्ही हातांनी धरली, घसरू नये म्हणून धरतात तशी नाही. भाजी मंडईत पाकीट धरतात तशी.

मग प्रश्न. एका मुलीने विचारलं, तुम्ही मत कसं देता, हात वर करून का?

कुंदा म्हणाली, “नाही. प्रत्येकाच्या बाकावर बटणं असतात. हिरवं म्हणजे हो, लाल म्हणजे नाही. दाबलं की भिंतीवरच्या मोठ्या बोर्डवर तुमच्या नावापुढे तोच रंग लागतो. आणि गंमत सांगू? आपण बाहेर गेलो तर शेजारचा आपलं बटण दाबतो. नियमात बसत नाही, पण सगळेच करतात. लांबच्या बाकासाठी काही जण काठीसुद्धा ठेवतात.”

हॉल हसून हसून कोसळला. कुणीतरी मागून ओरडलं, “म्हणजे आपल्या कॉलेजातली प्रॉक्सी!” पुन्हा हशा. कुंदाही हसली. मी पहिल्या रांगेत होते. तिचं हसू संपल्यावर तिचा चेहरा परत जागेवर यायला वेळ लागला, तेवढं मला दिसलं.

हॉलमधून निघालो तर साडेसात, पण ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर. श्रीकांत ईराला घेऊन घरी गेला. आम्ही दोघी नदीकडे चालत गेलो. थेम्स तिथे रुंद आणि संथ आहे. बदकांची पिल्लं आईमागे ओळीने चाललेली, बोटींसाठीच्या लॉकच्या दारांपाशी कुणीतरी दोर ओढत होतं, पबच्या बागेतून ग्लासांचा आवाज येत होता. कुंदाच्या खांद्यावर अजून शाल होती. ती तिने काढली, घडी केली, मांडीवर ठेवली आणि बाकावर बसून म्हणाली, “आता ऐक. मधे बोलू नको.”

तिच्या राज्यात लहान गावांतल्या हॉस्पिटलला बाळंतपणाचा विभाग बंद करायचा असेल तर आधी गावाची सभा घेऊन लोकांना विचारावं लागायचं. ती अट काढून टाकणारं एक बिल आलं होतं. कुंदाने गावोगाव सांगितलं होतं की मी याच्या विरुद्ध मत देणार. दुकानात, चर्चच्या तळघरात, शेतकऱ्यांच्या जेवणावळीत. एके दिवशी तिच्या गावच्या शाळेची पोरं विधानभवन बघायला आली. आत किरकोळ बिलं चालली होती, एकामागून एक, ज्यांना कुणाचा विरोध नसतो अशी. तिच्या शेजारच्या बाकावर हॅरल्ड. डुकरं पाळणारा म्हातारा शेतकरी, विरुद्ध पक्षाचा. ती पहिल्यांदा निवडून गेली तेव्हा कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलावर कुणी बसलं नव्हतं, तेव्हा आपला ट्रे घेऊन येऊन बसलेला एकटा माणूस. कुंदा त्याला म्हणाली, “मी पोरांना घुमट दाखवून येते. रुटीन आहे सगळं, हिरवं दाबत राहा.” ती बाहेर असताना क्रम बदलला आणि ते बिल वर आलं. ती परतली तेव्हा बोर्डवर तिच्या नावापुढे हिरवा दिवा लागून विझूनही गेला होता.

“बिल तसंही मोठ्या फरकाने पास झालं,” ती म्हणाली. “माझ्या एका मताने काही फरक पडला नसता.”

मी मधे बोलले. “दुरुस्त करता येत नाही?”

“मत नाही बदलत. पण कामकाजात लिहून घेता येते, की माझं मत लाल होतं. दुसऱ्या दिवशीपर्यंत. लोक घेतात लिहून.”

“मग?”

तिने शालीची घडी मोडून पुन्हा घातली. “मी निघाले होते लिहून द्यायला. वाटेत ते बिल आणणारा माणूस भेटला. हात हातात घेतला. म्हणाला, कुंदा, मला वाटलं नव्हतं तू आमच्याबरोबर येशील, थँक यू. आणि तुझं स्कूल बसचं बिल उद्या मी वर काढतो. चार वर्षं ते बिल कमिटीत पडून होतं गं. ज्याच्यासाठी मी या भानगडीत पडले ते. मी काही बोलले नाही. नुसती उभी राहिले. दुसऱ्या दिवशी माझं बिल पास झालं. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.”

“आणि तिकडे हॉस्पिटल?”

“माझ्याच गावचं. महिना झाला नाही अन् बाळंतपणाचा विभाग बंद करतो म्हणून सांगितलं. जून महिन्यात गावात सभा आहे, माझी. सगळ्यांना माहीत आहे बोर्डवर काय लागलं होतं. माझे लोक म्हणतात, तू सांग, मी मुलांना घेऊन बाहेर होते, कुणीतरी चुकून बटण दाबलं. खोटं नाही नं ते? पण तसं म्हटलं की हॅरल्डचं नाव आलं. माझ्या बाजूला दुसरं कोण बसतं? त्याची बायको गेली मागच्या वर्षी. त्याच्याच जागेचं तिकीट मागणारा त्याच्याच पक्षाचा एक तरणा उमेदवार त्याच्या उरावर बसला आहे. नियम मोडून दुसऱ्याचं मत टाकलं म्हणून त्याला सोलतील.”

“त्याला माहीत होतं का, तुझं मत लाल आहे ते?”

“विचारलं नाही मी.”

“का?”

“भीती वाटली. हो म्हणाला तर?”

आता मी कशी आहे ते सांगते. माझ्या कामात चूक झाली तर ती त्याच दिवशी लिहायची असते; कुणाची, कधी, का. मग ती चूक असते. लिहिली नाही तर तो गुन्हा होतो. आणि मी हमालाची मुलगी, गोड बोलायला मला कुणी शिकवलं नाही. मी म्हटलं, “कुंदा, बोट हॅरल्डचं होतं. गप्प बसणं तुझं होतं. आणि आज ती शाल अंगावर घेतलीस, ते पण तुझंच.”

ती उसळली. “तुले काय जाते बोलायला? तू एकदा तरी निवडून आलीस का? तुमच्याकडे चूक झाली की लिहितात. आमच्याकडे चूक झाली की तिचं भाषण करतात! त्या बसमधून पोरं जाणार आहेत वं, थंडीत चालणार नाहीत, हे काहीच नाही?”

“आहे ना. तेही सांग. सगळंच सांग.”

“सांगितलं तर निवडून येणार नाही मी.”

“नको येऊस.”

हे दोन शब्द किती सहज निघाले माझ्या तोंडून. शेजारच्या बाकावर एक गोरं जोडपं चिप्स खात होतं. बाईने मान वळवून आमच्याकडे पाहिलं. कुंदा उठली आणि चालायला लागली. मी मागून.

मतदानाच्या दिवशी ती माझ्याबरोबर प्रायमरी शाळेपर्यंत आली. आत तिला येता येत नव्हतं म्हणून फाटकाबाहेरच्या कठड्यावर बसली. मंडळातलं एक नवं जोडपं तिथून जात होतं, मी त्यांना म्हटलं, “मत दिलं का?” तर म्हणे, “आम्हाला कुठलं काकू, आम्ही व्हिसावर.” इथे कॉमनवेल्थवाल्यांना, म्हणजे भारतीयांनाही, मत असतं, नाव नोंदवावं लागतं, हे मी त्यांना सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि गेले. आपली माणसं वर्षानुवर्षं टॅक्स भरतात, कचरा उचलण्याच्या दिवसावरून भांडतात आणि मताच्या वेळी पाहुणी होतात. मी बाहेर आले तेव्हा कुंदाने विचारलं, “कशाने देता?”

“पेन्सिलीने. दोरीला बांधलेली असते.”

“पेन्सिल?” ती चक्रावली. मी तिच्या शेजारी बसले. समोरून लोक कुत्री घेऊन, पिशव्या घेऊन येत होते, आत जात होते, पाच मिनिटांत बाहेर येऊन आकाशाकडे बघत होते. “किती बरं आहे यांचं,” ती म्हणाली. “आत गेले, बाहेर आले, संपलं.”

ती गेली त्या दिवशी हीथ्रोवर तिने मला मिठी मारली, पण घट्ट नाही. शाल ती माझ्या कपाटात ठेवून गेली होती. मी ती अजून कुणाला दिलेली नाही.

जूनमध्ये तिच्या गावच्या सभेचं चित्रण तिथल्या लायब्ररीने इंटरनेटवर टाकलं. मी ते सकाळी ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये बघितलं, कानात इअरफोन घालून. एक शाळेचा हॉल, बास्केटबॉलच्या रेषा आखलेली जमीन, लोखंडी खुर्च्या, टोप्या घातलेले पुरुष, हात बांधून बसलेल्या बायका. कुंदा उभी राहिली. हातात कागद नव्हता. ती म्हणाली, मी त्या वेळी सभागृहात नव्हते. माझं बटण माझ्या सांगण्यावरून दाबलं गेलं. दुसऱ्या दिवशी मला ते दुरुस्त करून घेता आलं असतं. मी केलं नाही, कारण मला माझं बसचं बिल पास करून घ्यायचं होतं. त्याच्या बदल्यात मी गप्प बसले. हे मत माझं आहे.

हॅरल्डचं नाव तिने घेतलं नाही. गरज नव्हती. हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं तिच्या शेजारी कोण बसतं.

मला वाटलं आता कुणीतरी ओरडेल. कुणी ओरडलं नाही. टाळ्याही नाहीत. खुर्च्या करकरल्या फक्त. मग मधल्या रांगेतून एक बाई उठली, माझ्याच वयाची, कुठल्याशा दुकानाचा युनिफॉर्म घातलेली. म्हणाली, माझ्या मुलीला सातवा महिना आहे. आता तिने बाळंतपणासाठी कुठे जायचं?

“शहरात,” कुंदा म्हणाली.

“आणि रस्त्यात कळा सुरू झाल्या तर?”

कुंदाने तोंड उघडलं. मी माझ्या सीटवर पुढे झुकले. आता ती काहीतरी बोलेल, वाटी टेबलावर ठेवणारी पोरगी आहे ती, तिला सुचेलच. कुंदाने तोंड मिटलं. ती बाई थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, “वेल. थँक यू फॉर टेलिंग अस,” खुर्चीवरची पर्स उचलली आणि निघून गेली. रागाने नाही. दुकान बंद आहे म्हटल्यावर माणूस परत फिरतो, तशी.

माझं स्टेशन मागे गेलेलं मला पुढच्या स्टेशनला, लँगलीला, कळलं.

पुढची निवडणूक कुंदा हरली. हॅरल्डही हरला, पक्षाच्या आतल्या निवडणुकीतच, त्या तरुण उमेदवाराकडून. हॅरल्ड तिच्याशी पुन्हा बोलला नाही. बाजारात दिसला तर टोपीला हात लावतो आणि पुढे जातो. बस चालू आहे. तो विभाग बंद आहे. आता ती पूर्ण वेळ दुकानात असते, पांढऱ्या कोटात.

सरळ बोलणाऱ्या माणसाचं एक सुख असतं, ते मला त्यानंतर कळलं. बोललं की त्याचं काम संपतं. ऐकणाऱ्याचं तिथून सुरू होतं. मी जे म्हटलं ते आजही मला खरंच वाटतं, शब्द न् शब्द. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तेच म्हणेन. पण ते म्हणून मी घरी आले होते, आणि ईरासाठी पोहे केले होते. लोखंडी खुर्च्यांसमोर उभी कुंदा राहिली. म्हातारा हॅरल्ड एकटा पडला. मी काय गमावलं? ट्रेनचं एक स्टेशन. ज्याला काही गमवायचं नाही त्याने दुसऱ्याला खरं बोलायला सांगावं का, याचं उत्तर मला कुठल्याही पदवीने दिलेलं नाही. आणि सांगू नये म्हणावं तर मग गप्प बसणाऱ्यांच्या टोळीत आणखी एक मी.

आमचे फोन होतात. तिच्या आईचं दुखणं, माझे गुडघे, ईराचं युनिव्हर्सिटीतलं दुसरं वर्ष. त्या सभेबद्दल आम्ही बोलत नाही. इतक्या वर्षांत मला विचारायची हिंमत झाली नव्हती. पण आज ही पत्रकं पडली आणि संध्याकाळी, ऊन अजून भिंतीवर असताना, मी तिला फोन लावला. तिच्याकडे दुपार होती, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

“कुंदा, ती सभेतली बाई होती ना. तिच्या मुलीचं काय झालं पुढे?”

तिकडे काउंटरवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला.

“मुलगा झाला. पोचले होते वेळेवर. मोठा झाला आता, धावतो.”

मी म्हटलं, “चला. सुटलीस.”

“हो.”

“येते का दुकानात ती?”

“नाही येत. आधी यायची, दर महिन्याला. तिची बीपीची गोळी मीच द्यायची.” मागे कुठेतरी फ्रिजची घरघर ऐकू येत होती. “आता पलीकडच्या गावातून आणते. बर्फात लई लांब पडते वं तिले.”